गावच्या शाळेत नाताळ कसा शिकवावा?

खडूफळा (१२ डिसेंबर, रात्री ९.१०)

यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते पाचवी, पट ४३, शिक्षक दोन. सगळी पोरं एका ठिकाणी सापडतात ती फक्त परिपाठाला. आणि डिसेंबरात परिपाठाला उसंत नसते. २० ला गाडगेबाबांची पुण्यतिथी, २२ ला गणित दिवस, २४ ला सानेगुरुजी जयंती, २७ ला भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव देशमुख. मधली २५ सुट्टीची, म्हणून तिच्याबद्दल आम्ही कधी काही बोलतच नाही. "उद्या नाताळची सुट्टी", की झाली घंटा.

परवा तिसरीतल्या एका पोराने विचारलं, "सर, नाताळ म्हणजे त्या लाल टोपीवाल्या बुढ्याचा वाढदिवस ना?" त्याचा मामेभाऊ तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटात आहे, तिथे दर डिसेंबरात लाल टोपी विकत घ्यायला लावतात. मला हसू आलं. मग बाकीच्यांना विचारलं, वाढदिवस कोणाचा? ४३ पैकी एकानेही हात वर केला नाही. हसू तिथेच थांबलं.

गावात ख्रिस्ती घर एकच. एका मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या बाई, सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणते. शाळेतली अर्धी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली. पण त्या ख्रिस्ती आहेत हे पोरांना ठाऊक नाही. आडनाव आपल्यासारखं, लुगडं आपल्यासारखं, मग कळणार कसं?

२४ ला सानेगुरुजींच्या कार्यक्रमाला जोडून अर्धा-पाऊण तास नाताळसाठी काढावा म्हणतो. माझ्या सहकारी मॅडम थर्माकोलचं झाड करू म्हणतात. मला झाड नको वाटते, पण झाड नाही तर काय, ते सुचत नाही. इथल्या जाणत्यांनी सांगावं.

वऱ्हाडी ठेचा (१२ डिसेंबर, रात्री ९.४८)

गुरुजी, झाड कराच. पन थर्माकोल कायले? वावरात पऱ्हाटी उभी हाय. एक उपटा, तेलाच्या डब्यात रोवा, फुटलेली बोंडं तशीच राहू द्या. बर्फ आपोआप झाला. शहरातले लोकं दुकानातून कापूस आनून झाडाले चिकटवते, आपल्या इथं झाडालेच कापूस राह्यते.

तूरडाळ (१२ डिसेंबर, रात्री १०.०५)

जपून बरं. त्या बर्फाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे, लांब धाग्याचा. (हा धागाही लांबणार दिसते.)

वऱ्हाडी ठेचा (१२ डिसेंबर, रात्री १०.०९)

हमीभाव भेटते कोनाले, ते सांग आधी.

अकोल्याची लेक (१३ डिसेंबर, दुपारी २.३०)

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

मी मराठी ख्रिस्ती. बालपण अकोल्याला मिशन कंपाउंडात गेलं, लग्नानंतर वाशीम. आमचा नाताळ तुम्हाला सांगते, कारण टीव्हीवर दिसतो तो आमच्याकडे कधी झाला नाही.

पंधरा दिवस आधीपासून घरात तळणीचा वास. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे. दिवाळीत शेजारणींनी आम्हाला ताट दिलेलं असायचं, नाताळात आमची ताटं त्यांच्याकडे जायची. क्रोशाचा रुमाल झाकून. ताट रिकामं परत यायचं नाही, त्यात साखर तरी असायचीच. आई दिवाळी संपल्यावर बाजारात उरलेला आकाशकंदील निम्म्या किमतीत आणून माळ्यावर ठेवायची. चांदणीच्या आकाराचा मिळाला तर उत्तम, नाही तर आहे तोच. एका वर्षी आमच्या दारावर नाताळात 'शुभ दीपावली' लिहिलेला कंदील होता. बाबांनी त्यावर कागद चिकटवला, दहिवराने तो दुसऱ्या रात्री सुटला.

रात्री कॅरोल पार्टी निघायची. नाव इंग्रजी, पण हातात ढोलक आणि टाळ. पदं रेव्हरंड टिळकांची. शाळेत ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात तेच ना. वा. टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याआधी काही वर्षं ते नागपूरला बुटी नावाच्या श्रीमंत गृहस्थांकडे होते. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, म्हणून आमच्या आजीला देवळातलं भजन आणि चर्चमधलं भजन यांची चाल वेगळी वाटायची नाही. घरोघरी चहा, शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत कोंबडा आरवायचा. सकाळी नवे कपडे, उपासना, मग मंडळीचं प्रीतिभोजन. प्रीतिभोजन हा शब्द पोरांना जरूर सांगा. पंगतच ती, पण तिचं नाव किती चांगलं ठेवलंय.

केक? केक आमच्या घरात माझ्या लग्नानंतर आला. मी चौथीत असताना बाईंनी मला वर्गात उभं केलं आणि म्हणाल्या, "हिच्याकडे उद्या केक असतो, सगळ्यांनी जा." पोरं आली. आईने करंज्या पुढे केल्या. एक मुलगा म्हणाला, "हे तर आमच्याकडे पण असते." मी मोरीत जाऊन रडले. बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे आज कळते.

म्हणून सर, सिस्टरबाईंना आधी विचारा. ४३ पोरं घेऊन थेट दारात उभे राहू नका. २५ ला सकाळी तर नकोच, तेव्हा त्या चर्चला जातील. पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ नका, ती आम्हालाही आवडणार नाही. आणि सांताक्लॉजऐवजी गव्हाण सांगा. मराठी बायबलात तोच शब्द आहे: उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून मरीयेने बाळ बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. नागपूरच्या माझ्या भाच्याला गव्हाण म्हणजे काय ते मोबाइलवर चित्र काढून दाखवावं लागलं. तुमच्या पोरांना नाही लागणार.

खडूफळा (१३ डिसेंबर, रात्री ८.१५)

ताई, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला, एकदा मॅडमना वाचून दाखवला. थर्माकोल रद्द.

खोडसाळ (१३ डिसेंबर, रात्री ११.२०)

गुरुजी, सांगणार असाल तर नीट सांगा, नाही तर पोरं पाचवीत एक आणि दहावीत दुसरंच शिकतील.

बायबलात जन्माची तारीख नाही. २५ डिसेंबरची सगळ्यांत जुनी नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची. आर्मेनियाच्या चर्चचा नाताळ ६ जानेवारीला, रशियात ७ जानेवारीला. 'तीन राजे' असंही बायबलात नाही. पूर्वेकडून मागी, म्हणजे ज्ञानी लोक, बाळाला पाहायला आले एवढंच आहे, किती आले ते दिलेलं नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली. गोठ्यातली गाय आणि गाढवसुद्धा मूळ कथेत नाही. गव्हाण आहे म्हणजे जनावर असणारच, हा लोकांचा अंदाज. आणि खरा देखावा, जिवंत बैल-गाढव आणि चारा ठेवून, पहिल्यांदा गाजला तो असिसीच्या फ्रान्सिसचा, १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात.

तुमचा लाल टोपीवाला बुढा मुळात चौथ्या शतकातला बिशप निकोलस. गाव मायरा, आजच्या तुर्कस्तानात. म्हणजे उत्तर ध्रुवाचा नाहीच. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, अर्थ जन्माचा दिवस. एवढं पुरे.

यवतमाळचा जुना (१४ डिसेंबर, सकाळी ७.०५)

यवतमाळच्या आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही. १९८३ पर्यंत आपल्या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं कॉलेज होतं, नंतर ते पुण्याला गेलं. देशभरातले विद्यार्थी असत: नागा, मिझो, मल्याळी, तेलुगू. आमचं घर त्या रस्त्यावर. डिसेंबरात संध्याकाळी त्यांची गाणी कानावर यायची, भाषा एकही कळायची नाही. आमची आजी अंगणात शेकोटीशी बसून ऐकायची आणि म्हणायची, "आज कालच्याहून वेगळे आले गा." मिझोरम नकाशात कुठे आहे हे मला भूगोलाच्या आधी त्या आवाजांनी कळलं.

तुळस अंगणी (१४ डिसेंबर, सकाळी १०.४०)

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपले सण पोरांना धड माहीत नाहीत. पोळ्याला बैल भाड्याने आणायची वेळ आली आहे. आणि आपण येशूची गोष्ट सांगत बसायचं? २५ ला तुळशीपूजन करा असा मेसेज दरवर्षी येतो, ते का नाही शिकवत? शिवाय सरकारी शाळेत हे चालते का? उद्या कोणी तक्रार केली तर गुरुजींची नोकरी कोण वाचवेल?

आजीची पुरचुंडी (१४ डिसेंबर, दुपारी १२.१५)

बाबू, तुळशीचं लग्न म्या कार्तिकातच लावून टाकलं. ऊस उभा केला, बोर-भाजी-आवळा वाह्यला, पोरायनं फटाके फोडले. रोज सकाळी पानी घालतो ते वेगळंच. आता पुन्हा इंग्रजी तारीख पाहून तिची पूजा कायले? तुळशीले कॅलेंडर नाई लागत.

तूरडाळ (१४ डिसेंबर, दुपारी १२.५०)

नोकरीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. मी वकील नाही, पण संविधानाचं कलम २८ एवढं ठाऊक आहे: पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कोणत्याच धर्माचं. आता "हा सण कोणाचा, का साजरा करतात" ही माहिती झाली, आणि "हात जोडा, म्हणा" हे शिक्षण झालं. गुरुजींनी पहिल्यात राहावं. शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालावं, पालकांनाही आधी सांगावं. आणि पोळ्याचं म्हणाल तर पोळाही शिकवा की. एकाने दुसऱ्याचं काय जाते?

निरंजनाकाठ (१४ डिसेंबर, रात्री ९.३०)

खडूफळा सर, तुमची डिसेंबरची यादी वाचली. गाडगेबाबा, गणित, सानेगुरुजी, भाऊसाहेब. २५ ला "मधली सुट्टीची" म्हणालात.

आमच्या वस्तीत ती सुट्टी नसते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली. दरवर्षी त्या दिवशी संध्याकाळी विहारात कार्यक्रम असतो. तुमच्या ४३ मधली पंधरा-वीस पोरं तरी आमच्यासारख्या घरांतली असतील, विदर्भात असतातच. ती पोरं २५ ला कुठे जातात हे तुम्ही कधी विचारलं का? एका ख्रिस्ती घरासाठी तुम्ही एवढा विचार करताय, त्याबद्दल खरंच आदर आहे. पण गावात आधीपासून काय काय साजरं होते, ते मोजताना शाळेचं बोट आमच्या वस्तीवर पोहोचतच नाही, हे शाळेत असताना मीही अनुभवलंय.

आमच्या मुलीला मी नाताळ नक्की समजावून सांगेन. पूजा करायची नाही, पण माणसं समजून घ्यायची. तिला असित ऋषींची गोष्ट माहीत आहे, बाळ सिद्धार्थाला पाहायला आले होते ते. मागी तिला परके वाटणार नाहीत.

खडूफळा (१४ डिसेंबर, रात्री १०.५५)

तुम्ही लिहिलंय ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. या शाळेतला माझा हा चौदावा डिसेंबर महिना. पटावरची १७ पोरं त्या वस्तीतली. २५ ला संध्याकाळी तिथे लाउडस्पीकर लागतो हे माझ्या खोलीपर्यंत ऐकू येते. कशाचा, हे मी कधी विचारलं नाही.

यादी दुरुस्त केली आहे. २४ ला परिपाठात दोन्ही सांगणार. वस्तीतल्या एका पोरालाच बोलायला सांगतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

चरखा (१५ डिसेंबर, दुपारी ४.२०)

वर्धा तुमच्यापासून नदीपल्याड. सहल तिकडे नेत असालच. पोरांना सेवाग्राम दाखवताना एक गोष्ट राहून जाते. १९४२ च्या उन्हाळ्यात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर तिथे राहिला. त्याने लिहून ठेवलंय की गांधीजींच्या कुटीत मातीच्या भिंतीवर एकच चित्र होतं, येशूचं.

वर्ध्यातली मगनवाडी तर कोणी दाखवतच नाही. ग्रामोद्योगाचं सगळं काम ज्यांनी उभं केलं ते जे. सी. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती होते. लंडनला हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले आणि आपल्या वर्ध्याच्या उन्हात येऊन तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांचा हिशेब मांडत बसले. मगन संग्रहालय १९३८ चं, आजही पाहता येते. "ख्रिश्चन म्हणजे परदेशी" असं एखादं पोर म्हणालं तर त्याला घाण्याचं तेल हुंगायला न्या.

संत्र्याची फोड (१५ डिसेंबर, सायं. ६.४०)

मूळची वरुडची, सध्या मेलबर्न. इथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. मुलं चड्डीवर समुद्रात आणि दुकानात मात्र खोट्या बर्फाची नक्षी. त्यापेक्षा पऱ्हाटी बरी. माझा तरी पाठिंबा ठेचाभाऊंना.

खडूफळा (२६ डिसेंबर, रात्री ९.००)

झालं ते सांगतो, सगळं ठरवल्यासारखं झालं नाही.

व्यवस्थापन समितीत एका सदस्याने "धर्मांतराची भानगड नको" म्हटलं. मी त्याला म्हटलं, तुमची दोन्ही पोरं कोणाच्या हातावर झाली? तो गप्प झाला. पण त्याचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं आणि सगळ्या पालकांना निरोप दिला, ज्यांना नको त्यांनी पोरं पाठवू नयेत. दोन पोरं आली नाहीत.

२४ ला सकाळी सानेगुरुजी झाले. रोज म्हणतो ती प्रार्थना त्यांची आहे हे पाचवीच्या पोरांनाही नव्याने कळलं, म्हणजे आमचा परिपाठ कसा चालतो ते बघा. मग चौथीतल्या एका पोराने महाडचं सांगितलं. पाच मिनिटं, कागद न बघता. शेवटी मी टाळ्या वाजवायला विसरलो, पोरांनी वाजवल्या.

नंतर सगळे शाळेमागच्या गोठ्यात गेलो. गव्हाणीत कुटार होतं, बैल वावरात गेलेले. गोष्ट सांगायला लागलो: रोमच्या बादशहाने हुकूम काढला की सगळ्यांची नावनिशी लिहा. पोरं म्हणाली, "तुम्ही करता तसं?" नावं लिहायला घरोघर फिरणारा मास्तर त्यांनी पाहिलेला आहे, पुढचं मला समजावून सांगावं लागलंच नाही. मेंढपाळ म्हटल्याबरोबर सगळ्यांनी नदीकडे हात केला. तिकडे आठ दिवसांपासून रबारी उतरलेत, मेंढ्या आहेत, उंटही आहेत. दुसरीतल्या एकाची खात्रीच झाली की ही गोष्ट तिकडचीच.

हेरोद राजाने लहान बाळं मारायचा हुकूम दिला, तिथे एक पोरगी ओरडली, "कंसासारखा!" आणि सगळ्यांत मागे बसलेली, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "सर, मरियम आमच्याकडे पण आहे. नानी सांगते, ती खजुराच्या झाडाखाली होती." मला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी नानीला विचारलं. कुराणात मरियमच्या नावाची अख्खी सूरा आहे, एकोणिसावी. नानी म्हणाली, आम्ही ईसा नबींना मानतो, नाताळ करत नाही, पण मरियमचं नाव आमच्या घरात दोन पोरींना आहे.

सिस्टरबाईंना मी आधी विचारलं होतं. त्यांनी २५ ला संध्याकाळी आठ पोरांना बोलावलं. "आठच. माझ्याकडे बशा आठ आहेत." चिठ्ठ्या टाकल्या. (रडारड झाली, तो वेगळा विषय.) दारात चांदणीचा कंदील, कोपऱ्यात मातीचा छोटा गोठा. तो त्यांनी स्वतः केलेला, त्यातला बैल पोळ्याचा. करंज्या, चकल्या आणि गोळाभात. केक कोणी मागितला नाही, ताई.

एका पोराने विचारलं, "गव्हाणीत बाळ ठेवलं तर त्याला टोचत नाही का?" सिस्टरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी माय दवाखान्यात यायला निघाली तेव्हा नाल्याला पूर होता. तू बंडीतच झालास, कुटाराच्या पोत्यावर. रडलास तो थंडीने, टोचलं म्हणून नाही." पोरगं एकदम ताठ बसलं. घरी जाईपर्यंत त्याने ते सगळ्या गावाला सांगितलं होतं.

तिथून परत येताना वस्तीतला लाउडस्पीकर सुरू झाला होता. पाच पोरं तिकडे वळली, मीही गेलो. शेवटी बसायला जागा मिळाली.

अकोल्याची लेक (२६ डिसेंबर, रात्री ९.५०)

आठ बशा. आमच्या आईकडे सहा होत्या. सिस्टरबाईंना माझा जय ख्रिस्त सांगा.

वऱ्हाडी ठेचा (२६ डिसेंबर, रात्री १०.१०)

ते सगळं मस्त झालं गुरुजी. पन पऱ्हाटीचं सांगतलंच नाई.

खडूफळा (२६ डिसेंबर, रात्री १०.२२)

लावली होती. तेलाच्या डब्यात, व्हरांड्यात, अगदी तुम्ही सांगितली तशी. २३ ला संध्याकाळी झाड पांढरंशुभ्र होतं. २४ ला सकाळी येऊन पाहतो तर नुसत्या काड्या. रात्रीतून कोणीतरी वेचून नेली.